चौथ्या सीटवर डेटाबेस बसवू नका: शेअर्ड क्लस्टरमध्ये महत्त्वाच्या व्हीएमना मेमरीची हमी

सकाळचे ९ वाजून ७ मिनिटं. एक्सचेंजचं प्री-ओपन सुरू झालेलं, सव्वानऊला बाजार उघडणार, आणि बॅक-ऑफिसचा डेटाबेस साध्या क्वेरीला अर्धा मिनिट घेतोय. मी तेव्हा लोअर परळच्या एका ब्रोकिंग कंपनीत सर्व्हर बघायचो. सीपीयू शांत, स्टोरेजची लेटन्सी ठीक, नेटवर्क साफ. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) फोनवर एकच वाक्य परत परत ऐकवत होता, "अहो, माझ्याकडून काहीच बदललेलं नाहीये." त्याचं खरं होतं. बदल माझ्याकडून झाला होता. आदल्या रात्री मी एक होस्ट, म्हणजे ज्यावर व्हीएम (आभासी सर्व्हर) चालतात असा प्रत्यक्ष सर्व्हर, फर्मवेअर अपडेटसाठी मेंटेनन्स मोडमध्ये टाकला, म्हणजे त्यावरच्या व्हीएम दुसरीकडे हलवून रिकामा केला, अपडेट अडकला, शेवटची लोकल चुकायला नको म्हणून तो तसाच ठेवून घरी गेलो. त्या होस्टवरच्या डझनभर टेस्ट व्हीएम रातोरात डेटाबेसच्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

ईएसएक्सटॉप (होस्टचा वापर दाखवणारं साधन) उघडून मेमरीच्या पानासाठी एम दाबला आणि कारण समोर आलं. डेटाबेस व्हीएमची ११ जीबी मेमरी होस्टने स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, ढकलली होती आणि आता क्वेरी आल्या तशी ती तुकड्यातुकड्याने, म्हणजे पान पान करून, डिस्कवरून परत येत होती. विंडोजच्या आत टास्क मॅनेजर मात्र सगळं आलबेल असल्याचं सांगत होता. आतल्या ओएसला या स्वॅपचा पत्ताच नसतो. टेस्ट व्हीएम धडाधड बंद केल्या, तेव्हा साडेनऊच्या सुमाराला गाडी रुळावर आली.

त्या व्हीएमचं मेमरी रिझर्व्हेशन, म्हणजे तिच्यासाठी राखून ठेवलेली मेमरी, शून्य होतं. क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या होस्टच्या गटातल्या) प्रत्येकच व्हीएमचं शून्य होतं, कारण डिफॉल्ट तेच असतं आणि ते बदलायला कुणी गेलंच नव्हतं. त्यानंतर मी जे शिकलो आणि आता जसं करतो, ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं व्हीएमवेअर व्हीस्फिअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण माझं रोजचं काम त्यावरच चालतं.

मेमरी कमी पडली की होस्ट काय करतो

मुंबईकराला ओव्हरकमिट समजावून सांगावं लागत नाही. लोकलमधला बाक तिघांचा, बसतात चौघं. चौथ्याला अर्धीमुर्धी सीट मिळते, पण सगळे थोडे सरकले की प्रवास होतो. शेअर्ड क्लस्टर असाच चालतो. ५१२ जीबीच्या होस्टवर ६०० जीबीच्या व्हीएम सुखाने राहतात, कारण सगळ्यांना सगळी मेमरी एकाच वेळी लागत नाही.

जागा अपुरी पडली की ईएसएक्सआय (होस्टवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आधी सारखी पानं एकत्र करून बघतो. पण वेगवेगळ्या व्हीएममधली पानं वाटून घेणं सुरक्षेच्या कारणावरून २०१४च्या अखेरीपासून डिफॉल्टने बंद आहे, त्यामुळे तिथून फार काही हाती लागत नाही. मग येतं बलूनिंग. व्हीएमच्या आत बसवलेल्या व्हीएमवेअर टूल्समधला ड्रायव्हर आतल्या ओएसकडून मेमरी मागून घेतो आणि होस्टला परत करतो. "जरा सरकून घ्या" म्हणण्यातलाच हा प्रकार. डिफॉल्टने तो व्हीएमची ६५ टक्क्यांपर्यंत मेमरी काढून घेऊ शकतो. तरी हा त्यातल्या त्यात सभ्य उपाय, कारण कोणतं पान द्यायचं ते आतली ओएस ठरवते. त्यानंतर कॉम्प्रेशन, आणि सगळ्यात शेवटी होस्टचा स्वॅप. स्वॅपमध्ये होस्ट आंधळेपणाने पानं उचलतो. ते पान डेटाबेसच्या बफरमधलं आहे की धूळ खात पडलेल्या लॉगचं, हे त्याला कळत नाही.

बलूनिंग कधी सुरू होतं हा आकडा बऱ्याच जणांना चकित करतो. होस्ट आपल्याकडे थोडी मेमरी मोकळी राखायचा प्रयत्न करतो. पहिल्या २८ जीबीसाठी ८९९ एमबी आणि पुढच्या मेमरीच्या १ टक्का, असं ते गणित आहे. ५१२ जीबीच्या होस्टवर हे ५.७ जीबीच्या आसपास जातं. मोकळी मेमरी याच्या ६४ टक्क्यांवर, म्हणजे साधारण ३.६ जीबीवर घसरली की बलून फुगायला लागतो, ३२ टक्क्यांवर कॉम्प्रेशन आणि स्वॅप. म्हणजे होस्ट ९९ टक्के भरेपर्यंत बलून हलत नाही. शेजारचा होस्ट पडून ३०-४० व्हीएम एकदम इकडे चालू व्हायला लागल्या तर ते ३.६ जीबी पुरणार किती? त्यात नुकत्याच चालू होणाऱ्या व्हीएममध्ये व्हीएमवेअर टूल्स अजून वर आलेले नसतात, म्हणजे बलूनही नाही. अशा वेळी होस्ट थेट स्वॅपवर उतरतो, आणि झळ जुन्या, निमूट चालणाऱ्या व्हीएमना बसते.

रिझर्व्हेशन म्हणजे या गर्दीतून वगळलेली जागा. रिझर्व्ह केलेली मेमरी बलून, कॉम्प्रेशन, स्वॅप यांपैकी कुणालाही घेता येत नाही. शेअर्सचं काम वेगळं. भांडण झालंच तर कुणाला किती वाटा मिळावा, एवढंच ते ठरवतात. लिमिट म्हणजे व्हीएमच्या डोक्यावर ठेवलेलं झाकण.

आधी लिमिट शोधा

कुणालाही काहीही रिझर्व्ह करण्याआधी पूर्ण क्लस्टरमधल्या लिमिट तपासा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या वेळा तक्रार इथेच मिटते.

होतं असं. कुणीतरी कधीकाळी एक टेम्प्लेट (नवीन व्हीएमचा साचा) बनवतं, त्यात ४ जीबीचं लिमिट राहून जातं. त्यातून निघालेल्या प्रत्येक व्हीएममध्ये ते लिमिट जातं. दोन वर्षांनी त्यातल्या एका व्हीएमची मेमरी वाढवून १६ जीबी होते, पण लिमिट ४ वरच. आतल्या ओएसला १६ दिसतात, होस्ट मात्र ४ च्या वर प्रत्यक्ष मेमरी देत नाही. उरलेलं बलून आणि स्वॅपमधून. होस्टवर २०० जीबी मोकळी असली तरी. "मेमरी वाढवून दिली आणि व्हीएम अजूनच हळू झाली" ही तक्रार ऐकली की मी बाकी काही न बघता आधी लिमिट उघडतो.

व्हीसेंटरमध्ये (जिथून सगळा क्लस्टर सांभाळतात तिथे) क्लस्टर निवडून मॉनिटरखाली युटिलायझेशन आणि रिसोर्स अलोकेशनमधलं मेमरीचं पान बघा, रिझर्व्हेशन, लिमिट, शेअर्स एकत्र दिसतात. व्हीएम शे-दोनशे असतील तर पॉवरसीएलआयने (व्हीएमवेअरच्या कमांड वापरून) यादी काढून एक्सेलमध्ये घ्या: व्हीएमचं नाव, दिलेली मेमरी, रिझर्व्हेशन, लिमिट, शेअर्स, सध्याचा बलून, सध्याचा स्वॅप. पुढच्या सगळ्या पायऱ्यांना हीच यादी लागणार आहे. लिमिटच्या रकान्यात ‘अनलिमिटेड’ सोडून काहीही दिसलं तर त्या व्हीएमच्या मालकाला विचारा. बहुतेकदा त्याला माहीतही नसतं.

महत्त्वाचं कुणाचं?

हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारला की सगळ्यांचं सगळंच महत्त्वाचं निघतं. मी तो असा विचारतो: "ही व्हीएम दहा मिनिटं पूर्ण बंद राहिली तर कुणाचा फोन येईल?" आणि मग दुसरा: "ती बंद न पडता दहापट हळू झाली तर?" काही व्हीएम बंद पडल्या तरी चालतात पण हळू झालेल्या चालत नाहीत. क्लस्टर्ड डेटाबेसचा एक नोड सरळ मेला तर दुसरा काम उचलतो. तोच अर्धमेला राहिला तर दोघांनाही घेऊन बुडतो.

माझ्या यादीत साधारणपणे येतात ते प्रॉडक्शन डेटाबेस, जावावर चालणारे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, मेसेज क्यू, डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस, आणि स्वतः व्हीसेंटर. शेवटचं लोक विसरतात. ज्या खिडकीतून गोंधळ आवरायचा तीच गोठली तर आवरणार कशातून? फाइल सर्व्हर, प्रिंट सर्व्हर, मॉनिटरिंग, यूएटी (वापरकर्त्यांच्या चाचणीच्या व्हीएम) या यादीत नसतात. काही व्हीएमना पर्यायच नसतो. पीसीआय पासथ्रू, एसआर-आयओव्ही, व्हीजीपीयू किंवा फॉल्ट टॉलरन्स वापरत असाल, किंवा लेटन्सी सेन्सिटिव्हिटी हायवर असेल, तर पूर्ण मेमरी रिझर्व्ह करावीच लागते. एसएपी हाना या डेटाबेसच्या प्रॉडक्शनलाही तेच लागू. हे आकडे तुमच्या हिशेबात आधीच धरा.

किती रिझर्व्ह करायचं

इथे थोडा वेळ घालवा, कारण चुका इथेच होतात.

व्हीसेंटरमधला ‘अ‍ॅक्टिव्ह मेमरी’चा आकडा बघून रिझर्व्हेशन ठरवायचा मोह होतो. डेटाबेससाठी तो मोह टाळा. अ‍ॅक्टिव्ह हा मोजलेला आकडा नसून अंदाज आहे. होस्ट व्हीएमची काही पानं नमुन्यादाखल घेतो, ठरावीक वेळात त्यातल्या किती पानांना हात लागला ते बघतो, आणि त्यावरून पूर्ण व्हीएमचा हिशेब मांडतो. डेटाबेसने १४० जीबीचा बफर भरून ठेवलाय आणि गेल्या मिनिटात त्यातल्या १२ जीबीलाच हात लावलाय, तर अ‍ॅक्टिव्ह १२च्या आसपास दिसणार. पण दिवसअखेरची बॅच सुरू झाली की तो उरलेल्या १२८ला हात घालणार, आणि तेव्हा ती पानं रॅममध्ये नसतील तर? फ्लॅश कितीही चांगला असला तरी रॅमच्या तुलनेत हजार पटींच्या घरात हळू.

जावाचं तर त्याहून वाईट. गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) हीपभर, म्हणजे जावाच्या सगळ्या मेमरीभर, फिरतो. तासभर न शिवलेलं पानही फुल कलेक्शनमध्ये शिवलं जातं. ते स्वॅपमध्ये असलं की एरवी अर्ध्या सेकंदात संपणारा पॉझ मिनिटावर जातो आणि लोड बॅलन्सर तो सर्व्हर मेला म्हणून बाजूला काढतो.

म्हणून डेटाबेस आणि जावा यांना माझा नियम सरळ आहे: पूर्ण रिझर्व्ह. पण त्याच्या आधी व्हीएम मापात आणायची. एक खरंखुरं माप दाखवतो. व्हेंडरने अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला ४८ जीबी मागितले होते. आत बघितलं तर हीप ३० जीबी. मेटास्पेस १ जीबी. ४०० थ्रेड, प्रत्येकी १ एमबीचा स्टॅक, म्हणजे अर्ध्या जीबीहून कमी. डायरेक्ट बफर, कोड कॅश आणि जेव्हीएमची बाकीची फुटकळ गरज मिळून ४ जीबी. ओएस, अँटिव्हायरस, बॅकअपचा एजंट यांना ४ जीबी. बेरीज साडेएकोणचाळीसच्या आत. व्हीएम ४० जीबीची केली आणि चाळीसच्या चाळीस रिझर्व्ह केले. असे चार सर्व्हर होते, म्हणजे ३२ जीबी वाचले. व्हेंडरने थोडी कुरकूर केली. लोड टेस्टचा रिपोर्ट दाखवल्यावर थांबला.

एसक्यूएल सर्व्हरच्या १६० जीबीच्या व्हीएमला मॅक्स सर्व्हर मेमरी १४४ ठेवली आणि १६ ओएसला सोडले. ही मर्यादा न घालता नुसतं बाहेरून रिझर्व्हेशन दिलं, तर होस्ट आपला शब्द पाळेल पण विंडोज आतल्या आत स्वतःच्या पेजफाइलवर जाईल, आणि ते तुम्हाला बाहेरून दिसायचं नाही. ‘लॉक पेजेस इन मेमरी’ चालू असेल तर पूर्ण रिझर्व्हेशन सोबत हवंच. डेटाबेसने पानं घट्ट धरून ठेवलेली आणि बाहेरून बलून फुगतोय, अशा ओढाताणीत बिचारी ओएस गुदमरते. लिनक्सवर ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं) वापरणाऱ्या ओरॅकल किंवा पोस्टग्रेसलाही हेच लागू. ह्यूज पेजेस बलूनच्या हाती लागत नाहीत.

वेब सर्व्हर, छोट्या सेवा यांना पूर्ण रिझर्व्हेशन कशाला? महिन्याभराचा, त्यातही महिनाअखेरचा कमाल वापर बघा आणि दिलेल्या मेमरीच्या निम्म्यापासून सुरुवात करा.

आता क्लस्टरचा हिशेब

रिझर्व्हेशन हवेतून येत नाही, ते शेजाऱ्याच्या वाट्यातून येतं. म्हणून आकडा टाकण्याआधी कागदावर मांडा. आमचा मांडतो.

४ होस्ट, प्रत्येकी ५१२ जीबी. प्रत्येकातून २० जीबी मी ईएसएक्सआय आणि व्हीएमच्या ओव्हरहेडसाठी बाजूला काढतो. हा माझा ठोकताळा आहे, तुमच्या होस्टवरची ‘अनरिझर्व्ह्ड’ मेमरी बघून तुमचा आकडा घ्या. उरले प्रत्येकी ४९२. चारही चालू असताना १,९६८ जीबी. एक पडला की १,४७६ जीबी. हिशेब नेहमी या दुसऱ्या आकड्यावर करायचा.

महत्त्वाच्या व्हीएम: दोन डेटाबेस प्रत्येकी १६०, म्हणजे ३२०. चार अ‍ॅप सर्व्हर प्रत्येकी ४०, म्हणजे १६०. दोन मेसेज क्यू मिळून ३२. दोन डोमेन कंट्रोलर मिळून १६. व्हीसेंटर ३०. एकूण ५५८ जीबी. १,४७६च्या ३८ टक्के.

छान वाटतं ना? आता उरलेल्यांकडे बघा. बाकीच्या सगळ्या व्हीएमना मिळून १,७१० जीबी वाटलेली आहे. चारही होस्ट चालू असताना त्यांच्या वाट्याला १,९६८ वजा ५५८, म्हणजे १,४१० जीबी येते. ओव्हरकमिट १.२१ पट, चालून जाईल. एक होस्ट पडला की वाट्याला ९१८. ओव्हरकमिट १.८६ पट. कुणालाच रिझर्व्हेशन नसतं तर त्या दिवशी सगळ्यांवर सारखा १.५४ पटीचा भार पडला असता. म्हणजे आपण ५५८ जीबीला सुखात ठेवलं आणि बाकीच्यांची अडचण दीडपटीवरून पावणेदोन पटीच्या पुढे नेली. हा सौदा आम्हाला मान्य होता, कारण त्या १,७१० मध्ये सहाशेच्या वर टेस्ट आणि यूएटी होतं, जे अशा दिवशी बंद करता येतं. तुमच्याकडे बंद करण्यासारखं काही नसेल तर रिझर्व्हेशनने प्रश्न सुटत नाही, रॅम विकत घ्या.

माझी वरची रेघ ६० टक्के. एक होस्ट वजा केल्यावर उरणाऱ्या मेमरीच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त रिझर्व्ह झालं की व्हीमोशनला (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवण्याला) जागा शोधताना डीआरएसची (व्हीएम होस्टवर वाटणाऱ्या यंत्रणेची) दमछाक होते आणि मेंटेनन्स मोड अर्ध्यात अडकायला लागतो. एकूण बेरजेत ३०० जीबी मोकळी आहे, पण कुठल्याच एका होस्टवर सलग १६० नाही, असंही घडतं. मोठ्या व्हीएमसाठी हे वेगळं तपासा.

व्हीएमवर की रिसोर्स पूलवर?

मोजक्या, मोठ्या, नाव घेऊन सांगता येतील अशा व्हीएम असतील तर रिझर्व्हेशन थेट व्हीएमवर द्या. बारा छोट्या वेब सर्व्हरचा गट असेल, ज्यात कधी हा तापतो कधी तो, तर पूलला एकत्र ६४ जीबी द्या. पूलचं रिझर्व्हेशन आतल्या व्हीएममध्ये गरजेप्रमाणे फिरतं. व्हीएमवर दिलेलं तसं नाही. एकदा तिने ते पान वापरलं की ते तिचं झालं, नंतर ती रिकामी बसली तरी परत येत नाही.

पूलमध्ये दोन खड्डे आहेत. पहिला, ‘एक्स्पांडेबल रिझर्व्हेशन’ची खूण काढली आणि पूलचं रिझर्व्हेशन शून्य ठेवलं तर त्यात एकही व्हीएम चालू होत नाही, कारण प्रत्येक व्हीएमचा ओव्हरहेडसुद्धा पूलमधूनच कापला जातो. दुसरा जास्त वाईट. लोक पूलचा वापर फोल्डरसारखा करतात. ‘प्रॉड’ पूलमध्ये ५० व्हीएम, ‘टेस्ट’ पूलमध्ये ५, दोन्हींचे शेअर्स नॉर्मल. भांडणाच्या वेळी दोन्ही पूलना सारखा वाटा मिळतो आणि टेस्टची प्रत्येक व्हीएम प्रॉडच्या व्हीएमपेक्षा दहापट श्रीमंत होते. व्हीस्फिअर ७ पासून स्केलेबल शेअर्सची सोय आली आहे, ती चालू केली की पूलचे शेअर्स आतल्या व्हीएमप्रमाणे मोजले जातात. पण यादी नीट दिसावी एवढ्यासाठी पूल बनवत असाल तर फोल्डर बनवा.

प्रत्यक्ष आकडा टाकताना

व्हीएमच्या एडिट सेटिंग्जमध्ये मेमरीचा बाण उघडा. पूर्ण रिझर्व्ह करायची असेल तर आकडा हाताने टाकू नका, ‘रिझर्व्ह ऑल गेस्ट मेमरी’वर खूण करा. उद्या कुणी व्हीएम १६० वरून १९२ केली तर रिझर्व्हेशन आपोआप सोबत वाढतं. हाताने टाकलेला आकडा १६० वरच राहतो आणि वरचे ३२ चौथ्या सीटवर जातात.

हे चालू व्हीएमवरही करता येतं, होस्टवर तेवढी न-रिझर्व्ह केलेली मेमरी असेल तर. पण आधीच स्वॅपमध्ये गेलेली पानं त्यामुळे लगेच परत येत नाहीत. हात लागेल तसतशी येतात. स्वॅपचा आकडा मोठा असेल तर मेंटेनन्सच्या वेळेत व्हीएम पूर्ण पॉवर ऑफ करून चालू करा.

एक बोनस. प्रत्येक चालू व्हीएमसाठी डेटास्टोअरवर एक स्वॅप फाइल बनते, तिचा आकार दिलेली मेमरी वजा रिझर्व्हेशन. पूर्ण रिझर्व्ह केलेल्या व्हीएमची पुढच्या पॉवर ऑनला ती शून्य होते. आमची ५५८ जीबी महागडी फ्लॅश मोकळी झाली, स्टोरेजवाला खूश. उलटही लक्षात ठेवा: डेटास्टोअर काठोकाठ भरलेलं असताना कुणी रिझर्व्हेशन काढलं तर पुढच्या वेळी स्वॅप फाइलला जागा न मिळून व्हीएम चालूच होणार नाही.

आतला बलून ड्रायव्हर बंद करून ठेवणारे लोक भेटतात. तसं करू नका. पूर्ण रिझर्व्हेशन असेल तर बलून तसाही फुगत नाही. रिझर्व्हेशन नसताना तो बंद केला तर होस्टपुढे थेट स्वॅपच उरतो.

एचएचं अ‍ॅडमिशन कंट्रोल

एचए म्हणजे होस्ट पडला की त्याच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर चालू करणारी सोय, आणि अ‍ॅडमिशन कंट्रोल म्हणजे त्यासाठी जागा राखायला नवीन व्हीएम अडवणारा तिचा नियम. रिझर्व्हेशन टाकताच एचएचं वागणं बदलतं. जागा सारख्या आकाराच्या स्लॉटमध्ये मोजणारी स्लॉट पॉलिसी असेल तर हे अंगावर येतं. स्लॉटचा मेमरी आकार म्हणजे क्लस्टरमधलं सगळ्यात मोठं रिझर्व्हेशन अधिक ओव्हरहेड. आमच्या डेटाबेसमुळे एक स्लॉट १६० जीबीहून मोठा झाला असता. ४९२ मध्ये असे तीनच बसतात. चार होस्टचे १२, एक होस्ट वजा करून ९. आणि क्लस्टरमध्ये व्हीएम १४०. छोटासा डोमेन कंट्रोलरही एक पूर्ण स्लॉट अडवतो. त्या क्षणापासून नवीन एकही व्हीएम चालू होत नाही आणि एरर फेलओव्हर लेव्हलचा येतो, त्यामुळे रिझर्व्हेशनकडे कुणाचा संशय जात नाही. स्लॉटचा आकार मर्यादित करणारं अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग आहे, पण मी त्या वाटेला जात नाही.

व्हीस्फिअर ६.५ पासून डिफॉल्ट असलेली टक्केवारीची पॉलिसी ठेवा. ‘होस्ट फेल्युअर्स’ १ ठेवलं की चार होस्टमध्ये ती आपोआप २५ टक्के बाजूला ठेवते, पाचवा होस्ट आला की स्वतःहून २० करते. फक्त एक ध्यानात घ्या: ही पॉलिसीही रिझर्व्हेशनच मोजते. रिझर्व्हेशन नसलेली ३२ जीबीची व्हीएम तिच्या लेखी फक्त ओव्हरहेडएवढी. म्हणून ‘परफॉर्मन्स डिग्रेडेशन व्हीएम्स टॉलरेट’ हे सेटिंग बघा. डिफॉल्ट १०० टक्के, म्हणजे इशारा बंद. आम्ही २५ ठेवलं आहे. होस्ट पडल्यावर त्याहून जास्त फटका बसणार असेल तर व्हीसेंटर आधीच पिवळी पट्टी दाखवतं.

रिस्टार्ट प्रायॉरिटी तेवढ्यातच लावून टाका. डोमेन कंट्रोलर सगळ्यात वर, मग डेटाबेस, मग अ‍ॅप. दोन डेटाबेस एका होस्टवर येऊ नयेत म्हणून अँटी-अ‍ॅफिनिटी नियम.

होस्ट पाडून बघा

कागदावरची हमी मी मानत नाही. आमचे रॅक ऐरोलीला आहेत. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि काही शनिवारी एक्सचेंजचं मॉक सेशन, हे दोन्ही बघून एक मोकळा शनिवार धरतो. आधी एक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचा, म्हणजे व्हीमोशनला जागा मिळते का ते कळतं. मग तो परत आणून, व्हीएम परतल्यावर, त्याची वीज खरोखर तोडायची. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि पहिलीत पास होणारा क्लस्टर दुसरीत नापास झालेला मी बघितलाय.

वीज तोडल्यावर उरलेल्या तीन होस्टवर ईएसएक्सटॉप लावून बसा. मेमरीच्या पानावर वरती होस्टची स्थिती दिसते: हाय, क्लिअर, सॉफ्ट, हार्ड, लो. महत्त्वाच्या व्हीएमसमोर बलूनचा आणि स्वॅपचा रकाना शून्य राहिला पाहिजे, होस्ट सॉफ्टवर गेला तरी. बाकीच्यांचे आकडे वाढणारच. इथे लोक घाबरून जुने स्वॅप आकडे बघत बसतात. साचलेला स्वॅप म्हणजे झालेली गोष्ट, दर सेकंदाला स्वॅपमधून किती वाचलं जातंय तो रकाना महत्त्वाचा. तो शून्य असेल तर त्या क्षणी कुणी भोगत नाहीये.

सोबत न्यूमा लोकॅलिटीचा टक्का (व्हीएमची किती मेमरी तिच्याच सॉकेटजवळ आहे) बघा. रिझर्व्हेशन मेमरी मिळण्याची हमी देतं, ती जवळच्याच सॉकेटची असेल याची देत नाही. आमचे होस्ट दोन सॉकेटचे, प्रत्येकी २५६ जीबी, त्यामुळे १६० जीबीचा डेटाबेस एका बाजूला मावतो.

नंतर

दोन अलार्म पुरतात: महत्त्वाच्या व्हीएमवर बलून शून्याहून वर, आणि कुठल्याही होस्टवर स्वॅप वाचनाचा दर शून्याहून वर. प्रत्येक रिझर्व्हेशनसाठी व्हीसेंटरच्या नोट्समध्ये तीन गोष्टी लिहा: कुणी मागितलं, कधी, कशासाठी. दर तिमाहीला वर सांगितलेली एक्सेल नव्याने काढायची आणि ज्याचा मालक सापडत नाही ते रिझर्व्हेशन काढायचं.

क्लोनवर डोळा ठेवा. गेल्या दिवाळीच्या आठवड्यात एका मंगळवारी दुपारी नवीन अ‍ॅप सर्व्हर चालू होईना. तो ज्या होस्टवर ठेवायचा होता तिथे रिझर्व्हेशन भागवण्याएवढी मेमरी नाही, असा एरर. हिशेब तर चोख होता. यादी काढली तर ५५८च्या जागी ७१८. डीबीएने अपग्रेडची तालीम करायला प्रॉडक्शन डेटाबेसचा क्लोन काढला होता आणि क्लोनसोबत ‘रिझर्व्ह ऑल’ची खूणही गेली होती. १६० जीबी तीन दिवस एका तालमीच्या नावावर अडकून पडले होते. फोन केला तर म्हणाला, "अहो, मी फक्त कॉपी काढली." आता क्लोनच्या रिक्वेस्ट फॉर्ममध्ये रिझर्व्हेशन शून्य केल्याचा एक चौकोन आहे, त्यावर खूण नसेल तर मी फॉर्म परत पाठवतो.